वर्गातील माणुसकी आणि शाळेची घडी

निलंगा हा लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्याला लागून असलेला तालुका. मांजरा आणि तेरणा या नद्यांच्या काठाने वसलेल्या येथील गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत आणि राज्यातील इतर शाळांप्रमाणेच तेथेही मूल्यशिक्षण दिले जाते. राज्याच्या अभ्यासक्रमाने मूल्यशिक्षणासाठी जी दहा मूल्ये निश्चित केली, त्यांत वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा व श्रमप्रतिष्ठा यांच्या बरोबरीने संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता ही दोन मूल्येही आहेत. मुले ही यादी तोंडपाठ म्हणून दाखवितात. परिपाठाच्या वेळी सुविचार वाचला जातो, बोधकथा सांगितली जाते.

परंतु खरी परीक्षा परिपाठ संपल्यानंतर सुरू होते. ऊसतोडणीवर किंवा वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांबरोबर सहा महिने बाहेर राहिलेले एखादे लेकरू उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेत परत येते. त्याची वही अर्धी कोरी असते, गणवेश आखूड झालेला असतो आणि त्याची जुनी जागा दुसऱ्या कोणी घेतलेली असते. ते दारात उभे राहते, तेव्हा वर्गातील तीस-पस्तीस मुले काय करतात? कोणी सरकून जागा देतो, की मागच्या भिंतीकडे बोट दाखवितो? वाचताना ते अडखळले, तर वर्ग थांबतो, की हसतो? या दोन-चार क्षणांत जे घडते, त्यावर ते लेकरू उद्या शाळेत येणार की नाही, हे पुष्कळदा ठरते. सौजन्य हा म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा विषय नाही. मुलांच्या उपस्थितीचा आणि शिक्षणाचाही तो विषय आहे.

या लेखात एकच मुद्दा मांडावयाचा आहे. सौजन्य उपदेशाने कमी आणि शाळेच्या रोजच्या घडीने अधिक शिकविले जाते. बसण्याची जागा, पिण्याचे पाणी, जेवणाची पंगत, कामाची पाळी आणि चुकीला मिळणारी वागणूक या पाच गोष्टी जशा लावाव्यात, तसा वर्ग घडतो.

साताऱ्याच्या शाळेतील दोन आठवणी

या विधानाचा सर्वांत ठळक पुरावा महाराष्ट्राच्याच शैक्षणिक इतिहासात आहे. दिनांक ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव रामजी यांचे नाव दाखल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा हा शाळाप्रवेश-दिन राज्यात २०१७ पासून 'विद्यार्थी दिन' म्हणून पाळला जातो. त्या काळच्या शालेय जीवनाबद्दल बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. वर्गात इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर त्यांना बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे आणि शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या वर्गातील प्रत्येक मूल स्वभावाने निर्दय होते, असे मानण्याचे कारण नाही. निर्दयता शाळेच्या व्यवस्थेतच होती. कोणी कोठे बसावे आणि नळ कोणी सोडावा, हे ठरलेले होते आणि रोज ते पाहणारी मुले तोच धडा न शिकविता शिकत होती.

साताऱ्याच्या शाळेची दुसरी आठवणही बाबासाहेबांनीच सांगितली आहे. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी त्यांना देत असत. त्या घासाची गोडी पुढे आयुष्यभर त्यांच्या स्मरणात राहिली. एका शिक्षकाचे वागणे एका मुलाच्या मनात किती खोल रुजते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण सापडणे कठीण आहे. तथापि या दोन आठवणी एकत्र वाचल्या पाहिजेत. शिक्षकाच्या मायेने एका मुलाला आधार दिला, पण नळाचा नियम त्यामुळे बदलला नाही. व्यक्तीची माया आवश्यक आहेच, परंतु तिच्या जोडीला न्याय्य व्यवस्था नसेल, तर ती अपुरी पडते.

आचरणाचा धडा : हिप्परगा आणि अमळनेर

मराठवाड्यालाही अशा शिक्षणाची परंपरा आहे. निलंग्यापासून फार दूर नसलेल्या, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे प्रथम या शाळेचे आणि नंतर अंबाजोगाईच्या शाळेचे शिक्षक होते, हे आज पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. निजामाच्या राजवटीत मोकळेपणाने चार शब्द बोलणेही जेथे अवघड होते, तेथे या शाळांनी विद्यार्थ्यांना निर्भयता आणि सहजीवन यांची सवय लावली.

तिकडे खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांनी खोली झाडली नाही, अंथरुणाची घडी घातली नाही, तर गुरुजी रागावत नसत, मुलांच्या नकळत ते काम स्वतः करून ठेवीत. काही दिवसांनी मुलांनाच संकोच वाटू लागे आणि ती आपली कामे आपण करू लागत. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. एवढे काम करण्यास त्यांना कोणत्याही शासन-निर्णयाची वा अनुदानाची गरज भासली नाही.

प्रत्येक शिक्षकाने साने गुरुजी व्हावे, अशी अपेक्षा करणे वास्तवाला धरून होणार नाही. परंतु त्यांच्या पद्धतीतील तत्त्व कोणत्याही शिक्षकाला उचलता येते. मूल शिक्षकाचे बोलणे ऐकते, पण अनुकरण करते ते त्याच्या वागण्याचे. शिक्षक सेविकेला, शिपायाला, खिचडी शिजविणाऱ्या बाईंना कोणत्या शब्दांत हाक मारतात, हे वर्ग रोज ऐकत असतो. शिक्षकाच्या तोंडी 'अहो मावशी' असेल, तर मुलांच्या तोंडी 'ए बाई' सहसा येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ नंतरची शाळा

या भागातील लोकांना माणुसकीचा अर्थ पुस्तकातून शिकण्याची गरज राहिलेली नाही. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गावे गाढ झोपेत असताना किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला. दगड-मातीची घरे आणि त्यांवरील जड माळवदे क्षणात कोसळली. त्या वेळच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. औसा, निलंगा, उमरगा या भागांतील अनेक गावे पुन्हा वसवावी लागली.

त्यानंतर शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागल्या. अतिशय हानी झालेल्या गावांत हजेरीपटावरील काही नावांना उत्तर देणारे कोणी उरले नव्हते. जी मुले आली, त्यांच्यापैकी कोणाची आई गेली होती, कोणाची भावंडे. अशा वर्गात गणित किंवा भूगोल शिकविण्यापूर्वी एक काम करणे भाग होते. मुलाला पुन्हा माणसांत बसविणे, हे ते काम. शेजारी कोणी बसले आहे, कोणी आपल्या डब्यातील घास पुढे करीत आहे, एवढी जाणीवच मुलाला सावरण्यास पहिली मदत करते. राज्यभरातून मदत आली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पुण्यात केली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्ग येथे 'आपलं घर' उभारून अनाथ मुलांना आसरा दिला.

या अनुभवाचा एक पुढील दुवा उल्लेखनीय आहे. पुण्यातील कामाचे नेतृत्व करणारे शांतिलाल मुथ्था यांनी पुढे शालेय शिक्षणात लक्ष घातले आणि २००९ पासून बीड जिल्ह्यातील सुमारे ५०० शाळांत 'मूल्यवर्धन' हा उपक्रम राबविला गेला. नंतर राज्य शासनाच्या सहकार्याने तो इतर जिल्ह्यांतही नेण्यात आला. या उपक्रमाचा भर व्याख्यानांवर नाही. मुलांनी जोडीने व गटाने काम करावे, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, मतभेद बोलून मिटवावेत आणि त्यातून संविधानातील मूल्ये अंगी बाणवावीत, अशी त्याची रचना आहे. म्हणजे उपदेशाची जागा सरावाने घेतली.

निलंग्याच्या वर्गात काय करता येईल?

आता रोजच्या वर्गाकडे वळू. सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी पहिली गोष्ट बसण्याच्या जागेची. अनेक वर्गांत मुले पहिल्या दिवशी जेथे बसतात, तेथेच वर्षभर राहतात. पुढच्या रांगेत हुशार आणि मागे 'मागास', अशी विभागणी मग आपोआप पक्की होते. गल्लीतली, भावकीतली, जातीतली मुले एकत्र बसली की गावची रचनाच वर्गात उतरते. दर पंधरवड्याला जागा बदलण्याचा साधा नियम केला, तर प्रत्येक मुलाचा वर्षभरात अनेकांशी शेजार घडतो. ज्याच्या पाटीत आपण डोकावलो, ज्याचा खोडरबर वापरला, त्याला नावे ठेवणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्याचे मोल लातूर जिल्ह्याला सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. जेथे शंभर मुलांना एक तोटी असते, तेथे सौजन्याचा पाठ टिकत नाही. दांडगे आधी पितात, लहान मुले आणि मुली शेवटी राहतात. तेव्हा सौजन्य शिकवावयाचे तर आधी तोट्या पुरेशा हव्यात आणि मग रांगेचा नियम हवा. सर्वांत लहान वर्गाला प्रथम पाणी, हा नियम मोठ्या मुलांनीच पाळावयाचा आणि पाळून घ्यावयाचा.

तिसरी गोष्ट पंगतीची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शाळांत शिजविलेले अन्न देण्यास चालना मिळाली. या योजनेने पोटाची सोय केली, तशीच आणखी एक संधी दिली. सर्व मुलांनी एका ओळीत बसून एकच अन्न खावे, ही सामाजिक समतेची रोजची शाळा होय. मात्र पंगतीत वेगळे बसणारे कोणी आहे काय, वाढण्याचे काम ठराविक मुलांनाच मिळते काय, घरून ताट न आणलेल्या मुलाला थांबावे लागते काय, याकडे शिक्षकांचे लक्ष हवे.

चौथी गोष्ट पाळीची. वर्ग झाडणे, फळा पुसणे, हजेरी घेऊन जाणे, पाहुण्यांचे स्वागत करणे ही कामे नेहमी कोणाच्या वाट्याला येतात, ते तपासावे. झाडू ठराविक मुलामुलींच्या हाती आणि गुलाबपुष्प ठराविकांच्या हाती, असे होत असेल तर ते सौजन्याच्या शिकवणुकीला छेद देणारे आहे. भिंतीवर पाळीचा तक्ता लावून मुले-मुली सर्वांना सर्व कामे आळीपाळीने द्यावीत. श्रमप्रतिष्ठा आणि समानता ही दोन्ही मूल्ये त्यातून आपसूक शिकविली जातात.

पाचवी आणि कदाचित सर्वांत नाजूक गोष्ट चुकीची. निलंगा परिसरात घरोघरी मराठी असली, तरी कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी उर्दू, तर तांड्यावर बंजारा बोली बोलली जाते. मराठी बोलणाऱ्यांचीही बोली वेगळी आहे. 'काय करलालास?' असे विचारणारे मूल अशुद्ध बोलत नाही, ते आपल्या आईची भाषा बोलत असते. निजामी राजवटीत मराठवाड्यातील मुलांना पुढील शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. परक्या भाषेत शिकताना जीभ कशी अडखळते, हे या भागातील मागच्या पिढ्यांनी सोसले आहे. तीच अडचण आज तांड्यावरच्या किंवा सीमेपलीकडून आलेल्या मुलाची असू शकते. अशा वेळी शिक्षकांनी प्रथम मुलाचा आशय स्वीकारावा आणि नंतर प्रमाण भाषेतील रूप सांगावे. त्याच्या भाषेतील एखादा शब्द साऱ्या वर्गाने शिकून घ्यावा. साने गुरुजींनी 'आंतरभारती'चे जे स्वप्न पाहिले, त्याचा आरंभ अशा एका शब्दापासूनही होऊ शकतो.

शिस्त, शिक्षा आणि छळ

सौजन्याचा आग्रह धरला की शिस्त ढिली पडेल, अशी शंका काही पालक व शिक्षक बोलून दाखवितात. 'छडी लागे छमछम' हे संस्कार जुने आहेत. परंतु बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंनाही मनाई केली आहे. शिक्षण भीती आणि चिंता यांपासून मुक्त असावे, असे याच कायद्याचे कलम २९ सांगते. कायद्याखेरीज अनुभवही हेच सांगतो. शिक्षकाने ज्याला वर्गापुढे 'मठ्ठ' म्हटले, त्याला मधल्या सुट्टीत सारा वर्ग त्याच नावाने हाक मारतो. चिडविण्याचा परवाना तेथे शिक्षकाकडूनच मिळालेला असतो.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. वर्गातील किरकोळ भांडण आणि एखाद्या मुलाचा सातत्याने होणारा छळ यांत फरक आहे. बरोबरीच्या दोघांचे भांडण समेटाने मिटविता येते. परंतु अनेकांनी मिळून एकाला रोज चिडविणे, जातीवरून, रंगावरून, अपंगत्वावरून किंवा गरिबीवरून बोलणे, पैसे वा डबा हिसकावणे, हा छळ आहे. अशा वेळी ज्याने सोसले त्यालाच 'जाऊ दे, तू मोठ्या मनाने माफ कर' असे सांगणे, हे सौजन्य नव्हे. प्रथम त्या मुलाला संरक्षण द्यावे, मग त्रास देणाऱ्यांशी त्यांच्या पालकांसमक्ष बोलावे आणि पुढील काही आठवडे लक्ष ठेवावे. शाळेतील तक्रारपेटी ठरलेल्या दिवशी उघडली जाते, हे मुलांना दिसले पाहिजे. गंभीर प्रसंगी मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो फळ्याशेजारी लिहिलेला असावा.

गुणांची चढाओढ

लातूर जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. परीक्षांतील यशाचा 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला आणि ग्रामीण मुलांसाठी वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे त्याने उघडली. हे यश अभिमानास्पद आहे. परंतु त्या यशाची छाया प्राथमिक वर्गांपर्यंत पोहोचली आणि शेजारचा मुलगा केवळ प्रतिस्पर्धी वाटू लागला, तर वही लपविण्याची वृत्ती वाढते. यावर उपाय अभ्यास कमी करणे हा नाही. ज्याला गणित आले, त्याने ते शेजाऱ्याला समजावून सांगावे. दुसऱ्याला सांगताना स्वतःचेही पक्के होते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. जोडीने अभ्यास करण्याची पद्धत गुणांच्याही हिताची आहे आणि माणुसकीच्याही.

अधिकारी आणि पंचायत यांचे काम

हे सारे एकट्या शिक्षकावर सोपविणे अन्यायाचे होईल. केंद्रप्रमुख व शिक्षण विस्तार अधिकारी शाळेला भेट देतात, तेव्हा दप्तर पाहतातच, त्याबरोबर त्यांनी मधल्या सुट्टीत पंगत, तोटी आणि शेवटची रांगही पाहावी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात मुलांच्या वर्तनाच्या वर्णनात्मक नोंदी करावयाच्या असतात. चाळीस मुलांपुढे 'इतरांना मदत करतो' हे एकच वाक्य उतरविलेले असेल, तर ती नोंद निरर्थक ठरते. महिन्यातून पाच मुलांविषयी प्रत्यक्ष पाहिलेला एकेक प्रसंग लिहिला, तरी वर्षभरात सारा वर्ग शिक्षकाच्या नजरेखालून जातो.

ग्रामपंचायत सदस्यांच्या हाती तर याहून थेट साधने आहेत. पिण्याच्या पाण्याची सोय, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, तांड्यावरून शाळेपर्यंतचा रस्ता ही कामे गावच्या विकास आराखड्यात घेता येतात. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रमाण तीन चतुर्थांश आणि एकूण सदस्यांत महिलांचे प्रमाण निम्मे असावे, असा कायद्याचा दंडक आहे. या समितीने वर्षातून किमान एक बैठक 'आपल्या शाळेतून कोणती मुले गळाली आणि का?' या एकाच विषयासाठी ठेवावी. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची आणि बाहेरगावच्या शाळेत प्रवेश मिळावा यासाठी शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे. तिचा लाभ प्रत्यक्ष पोहोचतो की नाही, हे गावाइतके कोणालाच कळत नाही.

परत आलेले लेकरू

लेखाच्या आरंभी दारात उभे असलेल्या लेकराकडे आता पुन्हा पाहावे. त्याच्या परतीची तयारी वर्गाने आधीच करता येते. ते गावाबाहेर असताना त्याचे नाव हजेरीपटावर आहे, याची आठवण वर्गाला असावी. परत येण्याच्या सुमारास दोन मुलांकडे त्याची जबाबदारी द्यावी. एकाने राहिलेला अभ्यास दाखवावा, दुसऱ्याने पंगतीत आपल्याशेजारी बसवावे. शिक्षकांनी त्याला वर्गापुढे उभे करून 'इतके दिवस कोठे होतास?' असे दरडावण्याऐवजी त्याने काय काय पाहिले, हे विचारावे. ज्या मुलाने साखर कारखान्याचा गळीत हंगाम जवळून पाहिला आहे, त्याच्याजवळ वर्गाला सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्याची वही कोरी असेल, पण त्याचा अनुभव कोरा नसतो.

त्यासाठी निराळ्या निधीची गरज नाही की नव्या पुस्तकाची. दारात उभ्या असलेल्या त्या लेकराला पाहून पहिल्या बाकावरचे मूल शिक्षकाने न सांगता सरकले आणि त्याने आपल्याशेजारी जागा करून दिली, तर भिंतीवरील दहा शब्द वर्गाला खरोखर समजले, असे मानावयास हरकत नाही.